मधला स्पीकर

विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. त्यामुळे खोका तिसऱ्या मजल्यावर आला तो डिलिव्हरीवाल्या मुलाच्या खांद्यावरून. दारात टेकवताना त्याने विचारलंच, "मॅडम, शिलाई मशीन आहे का?" नाही रे बाबा, कॉम्प्युटरचे स्पीकर. फाइव्ह पॉइंट वन.

खोक्यात वर पाच छोटे स्पीकर, एकेक पातळ फोमच्या पिशवीत. खाली सबवूफर, म्हणजे बास, खालचे जाड सूर, काढणारा मोठा डबा. उचलायला गेलं की कळतं, वजन सगळं ह्याचंच. पाचही स्पीकरना लागणारा ॲम्प्लिफायर आणि ट्रान्सफॉर्मर ह्याच लाकडी डब्यात कोंबलेला असतो. खोक्यावर ७५ वॅट आरएमएस (सतत निघणारी ताकद) छापलंय. भाच्याने लगेच नाक मुरडलं, त्याच्या मित्राकडे म्हणे पाच हजार वॅटवाला आहे. तो आकडा पीएमपीओचा, कागदावर क्षणभर निघणारा. आरएमएस तेवढा बघायचा, आणि दहा बाय बाराच्या खोलीत ७५ सुद्धा डोक्यावरून पाणी.

सबवूफरमधून कॉम्प्युटरला जोडायच्या तीन पिना असतात: हिरवी पुढच्या दोघांची, काळी मागच्या दोघांची, आणि केशरीत मधला स्पीकर आणि सबवूफर असे दोघं एकत्र. माझ्या कॉम्प्युटरला मागे तीनच भोकं आहेत, हिरवं, निळं, गुलाबी. एरवी निळं लाइन-इन आणि गुलाबी माइकचं. पण बऱ्याच मदरबोर्डवर ऑडिओच्या सॉफ्टवेअरमधून त्यांचं काम बदलता येतं, मग काळी पिन निळ्यात आणि केशरी गुलाबीत. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ५.१ निवडून टेस्ट दाबलं की एकेक स्पीकर आळीपाळीने बोलतो. माझ्याकडे 'सेंटर'वर क्लिक केलं की कोपऱ्यातला सबवूफर घुमायचा आणि 'सबवूफर'वर क्लिक केलं की मधला नुसता कण्हायचा. केशरी पिनेतले दोन चॅनेल कुठल्या क्रमाने यावेत यावर सगळ्या कंपन्यांचं एकमत नाही, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ह्या दोघांची अदलाबदल करायची खूणच दिलेली असते. ती केली, झालं.

खरी कसोटी मागच्या दोघांची. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) शिफारशीप्रमाणे ते समोरच्या रेषेपासून १०० ते १२० अंशांवर हवेत, म्हणजे कानांच्या किंचित मागे, दोन्हीकडे सारखे. आयटीयूने आमचं घर बघितलेलं नाही. माझ्या डाव्या कानामागे गोदरेजचं कपाट (विक्रोळीत दुसरं कुठलं असणार), उजव्या कानामागे स्वयंपाकघराचं दार. शेवटी डावा गेला कपाटावर, गणपतीच्या मखराच्या सामानाशेजारी, आणि उजवा दाराच्या चौकटीवर फळी ठोकून. वायर मात्र पुरेना. खोलीच्या मधून सरळ नेली तर पोचते, पण मग आई रोज अडखळणार. भिंतीभिंतीने, दारावरून वळसा घालून न्यायची तर जवळपास दुप्पट लागते. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग) मीटरवर वायर घेतली, दुकानदाराने तिथेच पिना डकवून दिल्या. वर प्लास्टिकची केसिंग पट्टी मारली. आता वायर दिसत नाही, आणि "हे काय लोंबतंय" हा प्रश्नही बंद झाला.

सबवूफर कुठे ठेवायचा याची चिंता नको. ८० हर्ट्झच्या आवाजाची लाट चार मीटरहून लांब असते, आमची खोलीच तिच्यापेक्षा तोकडी. एवढ्या खालच्या सुरांची दिशा कानाला कळत नाही. चिंता फक्त खालच्या काकांची. कोपऱ्यात ठेवला तर धमधम वाढते म्हणून भिंतीपासून थोडा सरकवला, खाली जाड रबराची चटई घातली आणि बासचं बटण पाव फिरवून सोडलं. रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलची आहे, आणि काका पोलीस खात्यातून रिटायर झालेत.

येणारा-जाणारा प्रत्येक जण बास लावून दाखव म्हणतो. मी दाखवते. पण पैसे वसूल केले ते मॉनिटरखालच्या त्या मधल्या, छोट्याशा स्पीकरने. आईला अलीकडे कमी ऐकू येतं. सिनेमा लागला की तिचं एकच, "काय म्हणाला गं तो?" आवाज वाढवावा तर पुढच्या मिनिटाला गाणं अंगावर येतं. ५.१ मध्ये मिक्स केलेल्या सिनेमात संवाद बहुतेक मधल्या चॅनेलवर ठेवतात, संगीत आणि गलका इकडेतिकडे. दोन स्पीकरवर हे सगळं एकत्र कालवलं जातं. इथे विंडोजच्या लेव्हल्समध्ये जाऊन, बॅलन्स उघडून, एकट्या मधल्याचा आवाज चढवता येतो. जुन्या डीव्हीडी काढल्या, पाठीवर डॉल्बी डिजिटल ५.१ छापलेल्या. व्हीएलसी प्लेअर ते चॅनेल आपले आपण वेगळे करतं. मधला चढवला, बाकीचे उतरवले. आई पहिला अर्धा तास काही बोलली नाही. मग म्हणाली, "हा नट आधी इतका स्पष्ट बोलायचा नाही."

यूट्यूबवर ही गंमत नाही. तिथलं बहुतेक सगळं दोन चॅनेलचंच, मधला आणि मागचे गप्प बसून राहतात. सेटिंगमध्ये आवाज सगळीकडे पसरवायची सोय असते, पण तो पसारा मला आवडत नाही, मी बंदच ठेवलाय. भाच्याला त्याचं काही नाही, गेममध्ये मागून पावलं ऐकू आली की तो खुर्चीसकट वळतो.

आता आईला टीव्हीलाही हाच स्पीकर हवाय, मालिकांसाठी. टीव्हीला मागे ऑप्टिकल आउट (प्रकाशाच्या वायरने आवाज बाहेर देणारं भोक) आहे, ह्या सेटला ऑप्टिकल घ्यायची सोय नाही. मध्ये डॉल्बीचा आवाज उलगडून चॅनेल वेगळे करणारी डबी लागेल. शनिवारी परत ग्रँट रोड.