एफएमजीईचा अर्ज सहा वर्षे आधी सुरू होतो

परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला भारतात डॉक्टर म्हणून नोंदणी हवी असेल, तर एफएमजीई ही चाळणी परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. तिच्या अभ्यासाविषयी, म्हणजे कोणाच्या नोट्स वाचाव्यात आणि कोणता क्लास लावावा याविषयी, हवा तेवढा सल्ला मिळतो. अर्जाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही, कारण तो तासाभरात उरकण्याचा कारकुनी प्रकार आहे असा समज असतो. मी २०१८ साली रशियातील एका विद्यापीठात प्रवेश घेतला आणि २०२४ साली पदवी घेऊन परतल्यावर त्याच वर्षीच्या डिसेंबर सत्रासाठी अर्ज केला. तो भरताना लक्षात आले की यातील जवळजवळ प्रत्येक रकाना काही वर्षांपूर्वी घेतलेल्या एखाद्या निर्णयाची चौकशी करतो, आणि त्या निर्णयांचा कागदोपत्री पुरावा ज्याच्याकडे आहे त्यालाच हा अर्ज सोपा वाटतो.

थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विघटित झाल्यावर तेथील विद्यापीठांतून पदवी घेऊन येणाऱ्या भारतीयांच्या नोंदणीचा प्रश्न चिघळत गेला. पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन अशा पदवीधरांसाठी चाळणी परीक्षा आली आणि रशियातून परतलेल्या डॉक्टरांच्या संघटनांशी संबंधित खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ती व्यवस्था मान्य केली. तेव्हापासून राष्ट्रीय परीक्षा मंडळ ही परीक्षा घेत आले आहे आणि आता ती वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर सत्रांत, होते. पात्रतेचे नियम मात्र पूर्वी भारतीय वैद्यक परिषद करीत असे आणि २०२० पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोग करतो. परीक्षा घेणारी संस्था एक आणि पात्रता ठरवणारी दुसरी, ही गोष्ट अर्जदाराने सुरुवातीलाच समजून घ्यावी. आपला प्रश्न कोणाकडे न्यायचा हे न कळल्यामुळे दोन्हीकडे पत्रे पाठवून वाट पाहत बसलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

प्रश्नपत्रिकेबद्दल थोडक्यात सांगतो. प्रत्येकी १५० प्रश्नांचे दोन भाग, प्रत्येक भागाला १५० मिनिटे, एकूण ३०० पैकी १५० गुण मिळाले की उत्तीर्ण, चुकीच्या उत्तराला गुण कपात नाही आणि प्रयत्नांच्या संख्येवर मर्यादा नाही. तरीही उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण बहुतेक सत्रांत पाचातील एकाच्या आसपास घुटमळते. याचे खापर सरसकट परदेशी विद्यापीठांवर फोडले जाते, ते मला पूर्णपणे पटत नाही. सामाजिक वैद्यकशास्त्राचे ३० प्रश्न असतात आणि त्यांतील मोठा भाग भारतातील राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम, लसीकरणाचे वेळापत्रक आणि येथील आरोग्यव्यवस्था यांवर असतो, जो परदेशात कोणी शिकवत नाही आणि शिकवावा अशी अपेक्षाही करता येत नाही. अर्थात, उरलेल्या २७० प्रश्नांना ही सबब लागू पडत नाही.

अर्जातील पहिली अडचण वेळेची आहे. त्या त्या सत्रासाठी पदवीचा अंतिम निकाल एका ठरावीक तारखेपर्यंत लागलेला असावा लागतो. रशियात सहाव्या वर्षाच्या राज्य परीक्षा जूनमध्ये होतात आणि डिप्लोमा त्यानंतर हाती पडतो, म्हणजे त्या वर्षीचे जून सत्र आपोआप हुकते. डिसेंबर सत्राचे अर्ज साधारण ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरमध्ये मागवले जातात. नावात डिसेंबर असले तरी परीक्षा जानेवारीत ढकललेली असू शकते, जशी २०२४ च्या सत्राची परीक्षा १२ जानेवारी २०२५ रोजी झाली. डिप्लोमा मिळाल्यापासून अर्जाची खिडकी उघडेपर्यंतचे हे तीन-चार महिने मोकळे दिसतात खरे, पण कागदपत्रे प्रमाणित करून घेण्याचे सर्व काम त्यांतच बसवायचे असते आणि ते काम परदेशातील कार्यालयांच्या गतीने चालते. पदवीदान समारंभाची छायाचित्रे काढून पुढच्याच आठवड्यात मायदेशी येणाऱ्यांना हे काम मागे राहिलेल्या मित्रावर किंवा एजंटावर सोपवावे लागते. एजंट त्याचे वेगळे पैसे घेतो.

प्रमाणीकरणाचा मुद्दा असा की, परदेशी पदवी त्या देशातील भारतीय दूतावासाने साक्षांकित केलेली किंवा अपोस्टिल लावलेली असावी लागते. अपोस्टिल म्हणजे १९६१ च्या हेग करारातील सदस्य देशांनी एकमेकांच्या सरकारी कागदपत्रांसाठी मान्य केलेला शिक्का. भारत २००५ पासून या व्यवस्थेत आहे. रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान हेही तिचे सदस्य आहेत, तर नेपाळ नाही, त्यामुळे देशानुसार मार्ग बदलतो. येथे एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. अपोस्टिल मूळ डिप्लोमावर लागू शकतो, तसाच तो डिप्लोमाच्या नोटरी केलेल्या भाषांतरावरही लागू शकतो, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाषांतरावरचा शिक्का नोटरीची सही खरी असल्याचे सांगतो, तर मूळ डिप्लोमावरचा शिक्का विद्यापीठाची सही आणि शिक्का खरा असल्याचे सांगतो. माझ्या मते वेळ आणि पैसे जास्त लागले तरी मूळ डिप्लोमावर आणि त्यासोबतच्या गुणपत्रिकेवर तो घ्यावा, कारण पुढे नोंदणीच्या वेळी नेमके हेच कागद मागितले जातात.

यापेक्षाही अधिक मनस्ताप देणारी बाब म्हणजे नाव. आपल्याकडे दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि त्यानंतर वडिलांचे नाव छापलेले असते. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत असते, तर स्वतःचे आणि बहुधा वडिलांचेही नाव दुसऱ्या ओळीत एकत्र असते. रशियात गेल्यावर याच नावाचे रशियन लिपीत रूपांतर होते. त्या लिपीत आपल्या 'ह'साठी नेमके अक्षर नाही आणि 'ज' दोन अक्षरे जोडून लिहावा लागतो. डिप्लोमाचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्याने पासपोर्ट समोर न ठेवता केवळ रशियन अक्षरांवरून नाव उतरवले, तर 'महाजन' हे आडनाव परत येताना 'माखाद्झान' असे काहीतरी होऊन येते. गंमत म्हणजे रशियनही आपल्यासारखेच वडिलांचे नाव लावतात आणि त्यासाठी त्यांच्या नमुन्यांत स्वतंत्र रकाना असतो. आपल्या वडिलांचे नाव कधी त्या रकान्यात जाते, कधी स्वतःच्या नावाला जोडून येते आणि कधी गळूनच जाते. एकाच विद्यार्थ्याच्या डिप्लोमावर आणि गुणपत्रिकेवर दोन वेगवेगळी रूपे असल्याची उदाहरणे आमच्याच तुकडीत होती.

यावर इलाज आहे, पण तो पदवी मिळण्याआधी करायचा असतो. शेवटच्या वर्षात विद्यापीठ डिप्लोमावरील नावाची खातरजमा करून घेते, तेव्हा आपले नाव रशियन लिपीत कसे लिहिले आहे हे स्वतः वाचून पाहावे, आधीच्या वर्षांच्या कागदांशी ताडून पाहावे, आणि भाषांतर करून घेताना पासपोर्टची प्रत सोबत देऊन त्यातील इंग्रजी स्पेलिंगच वापरले जाईल याची खात्री करून घ्यावी. डिप्लोमा छापून झाल्यावर बदल करून घेणे अतिशय कठीण असते, आणि मग भारतात प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील नोंद आणि विद्यापीठाचे पत्र अशी मालिका सुरू होते. शिक्षण चालू असताना लग्न झालेल्या मुलींनी पदवी हाती येईपर्यंत पासपोर्टवरील नाव बदलू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

पदवीच्या नावाविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. एजंटांच्या जाहिरातींत सर्वत्र 'रशियात एमबीबीएस' असे लिहिलेले असते, पण रशियन डिप्लोमावर एमबीबीएस हे शब्द नसतात. अर्जात आपल्या पदवीचे नाव डिप्लोमावर आणि त्याच्या अधिकृत भाषांतरावर जसे आहे तसेच लिहावे.

मे २०१८ नंतर परदेशात प्रवेश घेणाऱ्यांना 'नीट' ही भारतातील वैद्यकीय प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण असणे बंधनकारक झाले, आणि आमची तुकडी त्या नियमाखाली गेलेल्या पहिल्या तुकड्यांपैकी होती. नीटचे गुणपत्रक, बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या विषयांत आवश्यक तेवढे गुण असल्याची गुणपत्रिका आणि विद्यापीठाचे प्रवेशपत्र हे तीन कागद सहा वर्षांनंतर शोधावे लागतात. प्रवेशपत्र अनेकदा एजंटाकडेच राहिलेले असते आणि तोवर त्याचे कार्यालय दुसरीकडे गेलेले असते. परदेशी वैद्यकीय शिक्षणासाठी लागणाऱ्या पात्रता प्रमाणपत्राबाबतच्या अटी प्रवेशाच्या वर्षानुसार बदलत गेल्या आहेत, म्हणून वरिष्ठ विद्यार्थ्यांचा अनुभव प्रमाण न मानता त्या सत्राची माहितीपुस्तिका मुळातून वाचावी. ती कंटाळवाणी असते हे खरे, पण व्हॉट्सअॅप गटांतील अर्धवट उताऱ्यांपेक्षा ती अधिक स्पष्ट असते.

जे आता परदेशी जाण्याच्या विचारात आहेत, त्यांना आमच्यापेक्षा कडक नियम लागू आहेत. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमातील असावा, संपूर्ण शिक्षण एकाच संस्थेत झालेले असावे, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप झालेली असावी, त्या देशात तेथील नागरिकांप्रमाणे डॉक्टर म्हणून व्यवसाय करण्याची नोंदणी मिळण्यास पात्र असावे, आणि हे सर्व प्रवेशापासून दहा वर्षांत पूर्ण व्हावे. नियमाचा हेतू मला योग्य वाटतो. ज्या पदवीवर तिच्या स्वतःच्या देशात रुग्ण तपासता येत नाही, ती येथे का मान्य करावी, या प्रश्नाला उत्तर नाही. परंतु एखादे विद्यापीठ या अटी पूर्ण करते की नाही हे तपासण्याची सारी जबाबदारी अठरा वर्षांच्या मुलावर आणि त्याच्या पालकांवर टाकली आहे, हे मला अन्यायकारक वाटते. निदान विद्यापीठाकडून तीन गोष्टींचे लेखी उत्तर मागावे: स्वतंत्र १२ महिन्यांची इंटर्नशिप अभ्यासक्रमात आहे का, स्थानिक नोंदणीसाठी कोणती परीक्षा द्यावी लागते आणि ती कोणत्या भाषेत असते. शेवटचा प्रश्न कळीचा आहे, कारण वर्ग इंग्रजीत झाले तरी वॉर्डातील रुग्ण तेथील भाषेतच बोलतो.

प्रत्यक्ष ऑनलाइन अर्जात छायाचित्र, सही आणि अंगठ्याचा ठसा यांच्या प्रतिमा सांगितलेल्या मापात द्याव्या लागतात. त्यांत त्रुटी राहिली तर दुरुस्तीसाठी मुदत मिळते, पण ती संपल्यावर विनंत्या ऐकल्या जात नाहीत. त्या काळात ईमेल रोज पाहावा, याहून जास्त काही सांगण्यासारखे त्यात नाही.

परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर तेच कागद पुन्हा मांडावे लागतात, या वेळी राज्याच्या वैद्यक परिषदेपुढे, म्हणजे आपल्यासाठी मुंबईतील महाराष्ट्र वैद्यक परिषदेपुढे. तेथे तात्पुरती नोंदणी मिळाली की इंटर्नशिपच्या जागेची प्रतीक्षा सुरू होते, कारण वैद्यकीय महाविद्यालयात परदेशी पदवीधरांसाठी मंजूर जागांच्या ७.५ टक्के इतकीच मर्यादा आहे. कोविडच्या काळात आमचे काही वर्ग ऑनलाइन झाले होते, त्यामुळे त्यांची भरपाई प्रत्यक्ष उपस्थितीत झाल्याचे विद्यापीठाचे पत्रही मागितले गेले. शिवाय आपण खरोखर त्या देशात होतो हे दाखवण्यासाठी पासपोर्टवरील व्हिसा आणि ये-जा केल्याचे शिक्के तपासले जातात. सहा वर्षांत ज्यांच्या पासपोर्टचे नूतनीकरण झाले आहे, त्यांनी जुना पासपोर्ट जपून ठेवावा आणि त्याच्या सर्व पानांची, कोऱ्या पानांचीसुद्धा, स्कॅन केलेली प्रत तयार ठेवावी.