तात्यांचे डोळे शाबूत आहेत

हर्णै बंदरावरच्या मासळी लिलावात तात्यांना डावीकडची टोपली दिसेनाशी झाली. पायात आली की मगच कळे. घरात सगळ्यांनी मोतीबिंदू ठरवून टाकला. डॉक्टरांनी डोळे तपासले, ते ठणठणीत निघाले; एमआरआयमध्ये डोक्याच्या मागच्या भागात, उजवीकडे, छोटा स्ट्रोक दिसला.

"डावा डोळा झाकला काय नि उजवा काय, तेवढाच दिसतो," तात्या म्हणायचे. दोष डोळ्यात नसून मेंदूत असल्याची खरी खूण हीच. प्रत्येक डोळ्याच्या नाकाकडच्या अर्ध्या पडद्यातले तंतू मेंदूच्या तळाशी पलीकडे जातात. म्हणून दोन्ही डोळ्यांना दिसणारी डावी बाजू उजव्या मेंदूकडे पोचते: वाटेत थॅलॅमस या मेंदूच्या मधल्या भागात एक थांबा, मग थेट मागे, व्हिज्युअल कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या पाहण्याचं काम करणाऱ्या थरात.

तिथली गंमत डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या शास्त्रज्ञांना १९५०च्या दशकाच्या अखेरीस कळली. मांजराच्या मेंदूतली पेशी ठिपके दाखवूनही ढिम्म. मग काचेची पट्टी यंत्रात सरकवताना तिच्या कडेची सावली पडली आणि पेशी तडतडू लागली. तिला विशिष्ट कोनातली रेघच हवी होती! (मला मात्र त्या मांजराची दया येते.) १९८१ साली दोघांना नोबेल मिळालं.

रेघांवरून पुढच्या भागांत आकार, हालचाल, चेहरे जुळतात. वाटणी मात्र समान नाही: नजरेच्या अगदी मधल्या इवल्याशा जागेला कॉर्टेक्सचा मोठा हिस्सा मिळतो, कडेच्या पसाऱ्याला थोडकाच.