तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या आज्या-पणज्या कुठल्या?

“तुम्ही बेने इस्रायल ना? मग डीएनएत तुमचं मूळ कुठलं निघालं?” बेने इस्रायल म्हणजे आम्ही कोकणातले मराठी ज्यू. आमचं आडनाव ‘कर’वालं, घरात बोली मराठी आणि शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, शनिवारचा. हे कळलं की हा प्रश्न ठरलेला.

सरळ सांगतो. वडिलांच्या बाजूनं पश्चिम आशियाचा वारसा ठळक दिसतो, आईच्या बाजूनं इथलाच. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए वेगळा असतो, जेमतेम 16,569 अक्षरांचा, आणि तो फक्त आईकडून मिळतो. मुलग्यालाही मिळतो, पण त्याच्यापाशीच संपतो. 2008 साली जगभरच्या ज्यूंच्या मातृवंशांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बेने इस्रायलांमध्ये मोजक्याच रेषा आढळल्या, आणि त्यातल्या ठळक रेषा भारतीय उपखंडातल्या ‘एम’ नावाच्या मातृवंश-शाखेच्या होत्या. समाज लहान, लग्नं आपापसांत. जिला मुलगी नाही तिची रेषा तिथंच खुंटते. अशा पिढ्यान् पिढ्या गेल्या की थोड्याच आयांचा वंश सगळीकडे पसरलेला दिसतो. पुढे 2016 साली संपूर्ण जनुकसंचावरचा अभ्यास आला. त्यात पश्चिम आशियाई आणि इथल्या वंशांचा हा संकर साधारण 650 ते 1050 वर्षांपूर्वीचा ठरला.

आमच्यात सांगतात ते असं: अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आमच्या पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांनी तेलाचे घाणे घातले, शनिवारी ते बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागला.

पण मला जास्त मोलाची वाटते ती बाहेरून आमच्यात आलेल्या दाविद रहाबी या ज्यू गृहस्थांची कथा. हे लोक खरंच ज्यू आहेत का, हे बघायला त्यांनी बायकांच्या पुढ्यात नाना तऱ्हेची मासळी ठेवली. बायकांनी पर आणि खवलं असलेले मासे रांधायला घेतले, बाकीचे बाजूला सारले; ज्यू धर्मात पर आणि खवलं असलेलेच मासे चालतात. परीक्षा झाली ती चुलीपाशी, आणि उतरल्या त्या बायका! ज्यांचा मातृवंश इथल्याच मातीतला, त्यांनीच धर्म स्वयंपाकघरात सांभाळला. आमच्या धर्मात मांस आणि दूधदुभतं एकत्र करत नाहीत, म्हणून आमच्याकडे मटणाच्या रश्शात दही पडत नाही, नारळाचं दूध पडतं, तेही त्यांचंच.

म्हणून “मग तुम्ही खरे ज्यू कसे?” हे ऐकलं की मला राग येतो. ज्यू धर्म आईकडून येतो, पण धर्मशास्त्र कुणाचा मायटोकॉन्ड्रिया तपासत नाही. धर्मात रीतसर आलेली बाई पूर्ण ज्यूच असते. इस्रायलमध्ये 1962 साली रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, आमच्या लोकांच्या लग्नाआधी आजीपणजीपर्यंतची चौकशी करायचा आदेश काढला होता. 1964 साली आमची माणसं जेरुसलेमच्या रस्त्यावर बसली, तेव्हा त्या आदेशातून आमचं नाव गेलं.

आता भाचरं विचारतात, “मामा, चाचणी करू का?” हौस असेल तर जरूर करा. पण दहा पिढ्या मागं गेलं की प्रत्येकाचे 1024 पूर्वज होतात. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए त्यातल्या एकाच बाईचा पत्ता देतो.