तुम्ही विचारलंत म्हणून: येशूबद्दल सांगायचं, पण कसं?

कंपनीत, सोसायटीत, नात्यागोत्यात येशूबद्दल कधी आणि कसं बोलायचं, हे नाशिकमधले ख्रिस्ती तरुण सारखं विचारतात. माझं उत्तर जरा कंटाळवाणं आहे. समोरच्यानं विचारलं तेवढंच सांगा आणि त्याच्या मराठीत सांगा.

घोडं अडतं ते बहुतेक वेळा भाषेवर. चर्चमध्ये वाढलेल्याच्या तोंडी 'तारण' सहज येतं. ऐकणाऱ्याला सोनेतारण कर्ज आठवतं. 'साक्ष' म्हटलं की कोर्ट, 'वचन' म्हटलं की दिलेला शब्द. 'अभिषेक' म्हणाल, तर त्र्यंबकेश्वर इथून तीसेक किलोमीटरवर आहे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पिंडीवरची धारच येणार. त्यापेक्षा 'माझा अनुभव सांगतो' म्हणा, 'बायबलमधली ओळ' म्हणा. 'तारण'ला मात्र एका शब्दाचा पर्याय शोधत बसू नका. पापाची क्षमा मिळते आणि देवाशी तुटलेलं नातं पुन्हा जुळतं, असं सरळ दोन वाक्यांत सांगा. घरी आरशासमोर एकदा बोलून बघा. तेव्हाच कळतं की आपल्यालाही ते नीट सांगता येत नव्हतं.

प्रश्न ओढून आणावे लागत नाहीत. दरवर्षी कुणीतरी 'हॅपी गुड फ्रायडे'चा मेसेज टाकतंच. त्याला हसू नका. हा येशूच्या मरणाचा दिवस, आम्ही त्याला उत्तम शुक्रवार म्हणतो, आनंद रविवारी ईस्टरला. एवढं लिहा आणि थांबा. 'मरणाचा दिवस उत्तम कसा?' असं पुढचं त्यानं विचारलं, तर मग बोला.

'येशू इंग्रजांचा देव ना?' हाही ठरलेला प्रश्न. तो यहुदी घरात जन्मला, बेथलेहेम पश्चिम आशियात आहे. मराठी कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग-कीर्तनातून येशू सांगितला. बस्स. कुणी नाशिकमधल्या शरणपूरबद्दल विचारलं, तर गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तिथे आसरा मिळाला हे सांगा. तिथे शिकलेला जेकब वेनराइट १८७४ साली लंडनमध्ये आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंगस्टनच्या अंत्ययात्रेत शवपेटीच्या मानकऱ्यांत होता, हेही सांगा. त्याला शेपूट म्हणून प्रवचन जोडू नका. गावाचा प्रश्न होता, गावाचं उत्तर झालं.

सगळ्यात जास्त चुका दवाखान्यात होतात. आधी विचारा: 'तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का? इथे करू की घरी?' येशूच्या नावानं करणार, हेही आधीच सांगा. 'घरी करा' हे उत्तर सभ्य नकार असू शकतं, तो पाळा. इथेच करायची असेल तर अर्धा मिनिट, हळू आवाजात, पेशंटचं नाव आणि त्याची काळजी, तीन-चार वाक्यं. विचारल्याशिवाय डोक्यावर हात ठेवू नका. 'बरे व्हालच' असं म्हणू नका. ते तुमच्या हातात नाही. औषध बंद करायला तर कधीच सांगू नका. आठवड्यानं फोन केलात तर तब्येत विचारा, प्रार्थनेचा हिशोब विचारू नका.

नाताळच्या करंज्या-शंकरपाळ्यांच्या ताटाखाली धर्मप्रचाराचं पत्रक सरकवू नये. (हे लिहावं लागतं, याचंच वाईट वाटतं.) दिवाळीत हिंदू शेजाऱ्यांचं ताट येतं त्याखाली काही नसतं. प्रसाद घ्यायचा नसेल तर हातावर पडायच्या आधी नम्रपणे सांगा. घेऊन कुंडीत टाकणं हा सरळ अपमान. रामकुंडावर, आणि सिंहस्थात तर नकोच, पत्रकं वाटू नका. दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवून आपला देव मोठा होत नाही. आईवडिलांना न सांगता लहान मुलांशी हा विषय काढू नका. फी, नोकरी, किराणा यांची मदत करायची तर करा, पण त्या दिवशी धर्माचा विषय नको. संविधानाच्या २५व्या कलमात धर्मप्रचाराचं स्वातंत्र्य आहे; पण त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७७ साली सांगितलेलं आहे.

कुणी आपणहून वाचायला मागितलं तर अख्खं बायबल हातात देऊ नका. पहिल्या पानापासून सुरुवात करणारे त्यातल्या लेवीय नावाच्या पुस्तकातल्या यज्ञविधींत अडकतात. लूकचा १५वा अध्याय द्या: ३२ वचनं, पाच मिनिटांचं वाचन. येशूनं सांगितलेल्या तीन गोष्टी: शंभरातलं हरवलेलं एक मेंढरू, दहातलं हरवलेलं एक नाणं, आणि दोन मुलगे. धाकटा वाटणी मागून घेतो, उधळतो आणि परत येतो; बाप त्याच्यासाठी मेजवानी करतो आणि थोरला रागावून घराबाहेरच थांबतो. वाचून झाल्यावर अर्थ सांगू नका. कोण पटलं नाही ते विचारा. निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदार घरांत बाप जिवंत असताना धाकट्यानं वाटणी मागणं म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. ऐकणारा बहुधा शेतात राबणाऱ्या थोरल्याची बाजू घेईल. घेऊ द्या. बाप त्याला समजवायला बाहेर येतो, पण थोरला शेवटी घरात गेला की नाही हे येशूनं सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.