कणेरी मठावरचं गाव

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरला आलोय तर आज सगळी गँग घेऊन कणेरी मठावरचं सिद्धगिरी म्युझियम बघून आलो. काय काम केलंय राव! सिमेंटचे पुतळे आहेत पण हातावरच्या शिरा, चेहऱ्यावरच्या सुरकुत्यासुद्धा दिसतात, कुंभार लोहार न्हावी सगळे बलुतेदार आपापल्या कामात, अख्खं जुनं गावच उभं केलंय. आई तर गाईडच झाली, मोटेला बैल कसे जुंपायचे, पाणी पाटात कसं पडायचं हे नातवंडांना हातवारे करून सांगत सुटली आणि मागनं दुसऱ्या फॅमिलीतली पोरंपण येऊन ऐकत बसली (आई एकदम फॉर्मात 😄). सगळं उघड्यावर आहे त्यामुळे जाणार असाल तर सकाळी लवकर जा, दुपारी ऊन लय लागतंय.