बांगडीच्या मापाची बरणी

नर्सरीतल्या त्या टेरारियमवर, म्हणजे काचेच्या गोळ्यातल्या छोट्या बागेवर, १४५० रुपयांची चिठ्ठी होती. आत काय, तर रेघारेघांच्या पानांचं एक फिटोनिया, बोटभर नेचा (फर्न), चमचाभर मॉस आणि पांढरे खडे. फिटोनियाचं रोप त्याच नर्सरीत बाहेरच्या रांगेत ४० रुपयांना होतं. नेचा तर आमच्या सोसायटीच्या टाकीच्या भिंतीला फुकट फुटतो. म्हणजे बाकी सगळे पैसे काचेचे. हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या हौसेला असतं, आणि ते दोनशेच्या वर जात नाही. मी ४० रुपयांचं रोप घेतलं आणि काच घरातच शोधू म्हणून निघाले.

घरात पहिली हाताला लागली ती जॅमची बाटली. तळाला धुतलेली खडी, त्यावर इस्त्रीवाल्याकडून आणलेल्या लाकडी कोळशाचे बारीक तुकडे, मग मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा आणि वर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मिसळलेली माती. इथवर छान जमलं. पण हात आत जाईना. चायनीजच्या पार्सलबरोबर आलेल्या काड्यांनी रोप ढकलत, दाबत एकदाचं बसवलं आणि झाकण घट्ट लावलं. तीन आठवड्यांत फिटोनियाची पानं काळी पडून गळाली. झाकण पत्र्याचं होतं. आतल्या दमटपणाने त्याला गंज चढला आणि मातीवर तांबूस थेंब पडले. तेव्हापासून पत्र्याचं झाकण बाद. बाटली चालते, झाकणाच्या जागी काचेची बशी ठेवायची.

दुसरी बरणी सासूबाईंची. काचेची, तीन किलोची, कैरीच्या लोणच्याची. लोणचं संपत आलं होतं, उरलेलं मी छोट्या बरणीत काढलं आणि ‘थोडे दिवस घेते हं’ म्हणून उचलली. बरणी रात्रभर कोमट पाण्यात भिजवली, कारण वास राहिला तर एक वेळ चालेल, पण मीठ राहिलं तर झाड जगणार नाही. मग खायचा सोडा, मग दोन दिवस ऊन. काच वास धरत नाही, हे तेव्हा कळलं. वास होता तो झाकणातल्या रबरी चकतीत. तिला सोडा लावा, लिंबू लावा, हिंग आणि मोहरी तिथे मुक्कामालाच. ते झाकण फळीवर ठेवलं आणि बरणीवर बशी झाकली.

माती घालून झाली, रोप धरून बरणीत हात घातला आणि तो अडकला. गोष्टीतल्या चण्याच्या मडक्यातल्या माकडासारखी अवस्था. रोप सोडलं तरी निघेना, कारण हातात बांगड्या. सासूबाई आल्या, त्यांनी शांतपणे माझा अंगठा तळहाताकडे दुमडला, बोटं जुळवली आणि हात सोडवला. म्हणाल्या, “कासार बांगडी भरतो तेव्हा कसा हात दाबतो, तसा दाबायचा.”

त्या वाक्याने माझे पुढचे बरेच पैसे वाचले. मी दोन-सहाची बांगडी घालते, म्हणजे आतून दोन इंच आणि वर इंचाचे सहा सोळांश, साधारण ६० मिलिमीटर. माझा हात दाबून जातो ती हीच फट. तर बरणीचं पोट बघून भुलायचं नाही, तोंड बघायचं. पिशवीत एक जुनी बांगडी टाकायची आणि तोंडावर आडवी धरून बघायची. बांगडी अडली तर ती बरणी तेलाला, तुपाला, फुलांना, कशालाही, पण मला नको. नुसती गेली तर हात कसाबसा जाईल. चहूबाजूंनी बोटभर जागा ठेवून आत पडली, तर घ्यायची.

ही बांगडी घेऊन एका रविवारी जुन्या बाजारात गेले. पुण्याचा हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. बिजागऱ्या, पंख्यांची पाती, बिनकाट्यांची घड्याळं, सगळं चादरीवर मांडलेलं. एका चादरीवर हिरवट झाक असलेली जाड काचेची बरणी दिसली, आत बुडबुडे अडकलेले. विक्रेता म्हणाला, “ताई, भवानीची वेळ आहे, सहाशेला नेऊन टाका. तळेगावची काच आहे, आता बघायला मिळायची नाही.” तळेगावचा पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ सालचा, लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभा राहिलेला. माझ्या आजोबांच्या बोलण्यात तो यायचा, त्यामुळे क्षणभर पाघळले. पण बरणीवर तसा छापच नव्हता. नखाने टकटक केलं तर खणखणीत आवाज येण्याऐवजी बद्द वाजली, म्हणजे कुठेतरी तडा. बांगडीही अडली. शिवाय इतक्या हिरव्या, लहरी काचेतून आतलं झाड धड दिसतही नाही. ठेवून दिली.

शेजारी तपकिरी, जाड बुडाच्या, घासलेल्या काचेच्या बुचाच्या बाटल्या होत्या. रुबाबदार, पण प्रयोगशाळेतल्या. आत पूर्वी काय होतं ते विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. अशा बाटल्या कितीही स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नयेत. जुन्या सीएफएल दिव्यांत झाडं लावायच्या फंदातही पडू नये, त्यांच्यात पारा असतो.

त्या दिवशी हाती लागली ती कंदिलाची काच, ५० रुपयांना. दोन्ही बाजूंनी उघडी, मधे पोट फुगलेलं. घरी आल्यावर सगळे हसले. पण हिच्यात हात घालावाच लागत नाही. मातीच्या थाळीत खडी, कोळसा, माती, रोप, मॉस असं सगळं निवांत बाहेर लावायचं आणि वरून काच ठेवायची. वरच्या तोंडावर वाटी उपडी घातली की बंद, काढली की हवेशीर. सगळ्यात सोपा प्रकार हाच, आणि माझ्याकडचा सगळ्यात देखणाही.

खरा खजिना मात्र आमच्याच गल्लीत होता. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पूर्वी गोळ्या-बिस्किटांच्या तिरक्या तोंडाच्या काचेच्या बरण्या ओळीने असायच्या. आता तिथे प्लास्टिकच्या आल्यात, हलक्या आणि न फुटणाऱ्या. मी सहज विचारलं, “काका, त्या जुन्या बरण्यांचं काय केलंत?” त्यांनी मान वर करून माळ्याकडे बघितलं. सहा होत्या, धुळीने मढलेल्या. “न्या हो वहिनी, दोनाचे शंभर द्या. नाहीतरी भंगारवाला काचेला काही देत नाही.” दुकानदाराला दिवसातून पन्नासदा आत हात घालता यावा म्हणूनच ती तोंडं तशी घडवलेली. बांगडी काय, आख्खी मूठ आत फिरते. मी दोन घेतल्या, पुढच्या आठवड्यात आणखी दोन. बेकऱ्यांतही अशा खारी-नानकटाईच्या बरण्या असतात. विचारायची लाज वाटते तेवढीच अडचण.

चांगली बरणी मिळाली तरी मी एक चूक दोनदा केली. जास्त पाणी. बंद काचेत पाणी कुठे जात नाही. वाफ होते, काचेवर थेंब धरतात, पुन्हा मातीत उतरतात. सकाळी काचेवर थोडं दंव दिसून दुपारपर्यंत विरलं तर ठीक. दिवसभर काच धुरकट राहिली तर झाकण काढून एक-दोन दिवस उघडी ठेवायची. आणि थेट उन्हात कधीच नाही, आत भट्टी होते. १८२९ साली लंडनच्या डॉ. वॉर्डनी पतंगाचा कोश बंद बाटलीतल्या ओल्या मातीत ठेवला होता. त्या धुरकट शहरात त्यांचे नेचे जगत नसत, पण त्या बाटलीत नेचा आणि गवत आपोआप उगवलं. तिथून काचपेट्या निघाल्या आणि पुढे चीनमधली चहाची रोपं तशाच पेट्यांतून हिमालयाच्या उतारांवर पोचली. त्यांनी पतंगासाठी बाटली लावली आणि नेचा मिळाला. मी नेच्यासाठी लावते आणि बुरशी मिळते. मागच्या पावसाळ्यात तर पांढऱ्या कापसासारखी, दोन दिवसांत.

सगळ्यात मोठं भांडं फुकट मिळालं. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा दोन फुटी फिशटँक एका कोपऱ्यातून पाझरायला लागला. ते टाकायला निघाले होते. माशांसाठी गळका टँक निरुपयोगी, पण मला कुठे पाणी भरायचं होतं? तळाशी खडीचा थर देऊन पाणी मोजून घातलं तर मातीला तेवढी फट जाणवतही नाही. खाली एक जुना ट्रे ठेवला, वर काचेची दोन तावदानं. शेजाऱ्यांचा मुलगा अजून येऊन मासे शोधतो.

टँक आला तो अगदी वेळेवर. एप्रिलच्या मध्यावर मंडईत कैऱ्या आल्या आणि सासूबाई म्हणाल्या, “माझी बरणी?” थोड्या दिवसांचे आठ महिने झाले होते. आतल्या नेच्याने बशीला डोकं टेकलं होतं. बांगड्या उतरवून, अंगठा दुमडून, कासाराच्या पद्धतीने हात घातला आणि मुळांसकट गड्डा टँकमध्ये हलवला. बरणी सोड्याने घासली, उकळत्या पाण्याने विसळली, दोन दिवस उन्हात ठेवली, फळीवरचं झाकण लावून त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी झाकण बाजूला केलं, नाक आत घातलं आणि बरणी माझ्याकडे सरकवली.

“मातीचा वास येतोय. ठेव तुझ्याकडेच.”