मांद्रेतल्या घराला काचेचं दार बसवलं त्याची गोष्ट

मागच्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या तोंडावर आमच्या घराचं पुढचं दार बदललं, म्हणजे जुनं फणसाच्या लाकडाचं काढून लाकडी चौकटीत काच असलेलं लावलं. तेव्हापासून जो येतो तो चपला काढता काढताच विचारतो, पाऊस आत येत नाही का, चोराचं भय नाही का, रात्री बाहेरून सगळं दिसत असेल ना. दरवेळी तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाचं लिहून टाकते.

घर गोव्यात मांद्रेला, समुद्र दीडेक किलोमीटर. चिऱ्याच्या जाड भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, तिच्यात दोन्ही बाजूंना बसायचे सोपे, समोर तुळस आणि तोंड पश्चिमेला. हॉलमध्ये दुपारी बारा वाजतासुद्धा ट्यूब लावून बसायचं. आणि जुनं दार दर जुलैला असं फुगायचं की आतून खांदा लावल्याशिवाय बंद होत नव्हतं, दर ऑक्टोबरात मेस्त म्हणजे सुतार बोलावून तासून घ्यायचं आणि मग उन्हाळ्यात त्याच फटीतून बोटभर उजेड दिसायचा. नवरा म्हणाला नवं सागवानी करू. मला मात्र काच हवी होती. मोपाचा विमानतळ सुरू झाला 2023च्या जानेवारीत, तेव्हापासून आमच्या आजूबाजूला जे नवे व्हिला उठलेत त्यांतल्या दर दुसऱ्याला पुढे हे भलं मोठं काचेचं दार, त्यामुळे डोक्यात तेच बसलं होतं, खोटं कशाला बोलू.

सासूबाईंनी (आम्ही त्यांना आईच म्हणतो) मोबाईलवरचा फोटो बघितला आणि एका वाक्यात निकाल दिला, "अगो, हें घर न्हय, दुकान दिसता."

तेव्हा राग आला होता. पण आता वाटतं त्यांचं निम्मं बरोबर होतं, कारण मी दाखवत होते ते बिनचौकटीचं 12 मिलिमीटर टफन काचेचं दार, खाली फ्लोअर स्प्रिंग, बँकेला असतं तसं. म्हापशाच्या एका जुन्या फॅब्रिकेटरकडे गेलो (त्यांना आम्ही काकाच म्हणतो) तर त्यांनीही तेच पहिलं खोडून काढलं. म्हणाले बाई, फ्लोअर स्प्रिंग म्हणजे दाराखाली फरशीत पुरलेला डबा, तुमच्या दारावर पश्चिमेचा पाऊस सरळ येणार, डब्यात पाणी भरणार, दोन पावसाळ्यांत गंजून दार लुळं पडेल. वर त्यांनी हिशोबही करून दाखवला. काच दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो भरते, म्हणजे सात बाय तीन फुटांचं 12 मिमीचं दार 58 किलोच्या आसपास. ते आई रोज सकाळी उघडणार का? मी गप्प.

मग त्यांनी काचेचा धडा दिला तो फार सोपा होता. गाडीची बाजूची काच फुटली की साबुदाण्यासारखा चुरा होतो, ती टफन. काच सहाशे डिग्रीच्या वर तापवून एकदम हवेने गार करतात, त्याने वरचा थर आत दाबला जातो, म्हणून ती साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत आणि फुटली तरी तिचे सुरे होत नाहीत. आणि पुढची विंडशील्ड तडकते पण जागेवर राहते, ती लॅमिनेटेड, दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकची फिल्म. घराच्या पुढच्या दाराला लॅमिनेटेडच हवी, कारण टफन कितीही मजबूत असली तरी एकदा फुटली की दारात भोक, हात घालून कडी काढली की झालं. लॅमिनेटेडला चोर बसून हाणत राहील आणि तोवर आमचा कुत्रा गाव उठवेल. आम्ही ठरवलं 5 मिमी अधिक 5 मिमी, दोन्ही टफन आणि मध्ये फिल्म. खर्च वाढला पण ह्याच्यावर घरात कोणाचं दुमत नव्हतं, आईंचंसुद्धा नाही.

आईंचा खरा मुद्दा वेगळाच होता. संध्याकाळी सात ते साडेनऊ त्या हॉलमध्ये टीव्हीसमोर पाय पसरून बसतात आणि रस्ता समोर. दिवसा काच बाहेरून आरशासारखी दिसते, आतलं काही कळत नाही. सूर्य मावळला आणि आत दिवा लागला की उलटं होतं. ते मला शोरूममध्ये कोणी सांगितलं नाही, सगळी सॅम्पल्स दिवसा ट्यूबखाली बघायची. मी एकेक फुटाचे तीन तुकडे घरी मागून आणले आणि रात्री आठ वाजता आम्ही प्रयोग केला. नवरा आत दिव्याखाली खुर्चीवर, मी पडवीत अंधारात तुकडा डोळ्यांसमोर धरून. साधी काच: त्याच्या बनियनचं भोकसुद्धा दिसलं. मग ती रेघारेघांची फ्लूटेड, सध्या सगळीकडे तीच आहे, त्यात माणूस उभा-आडवा चिरल्यासारखा दिसतो पण कोण आहे ते कळतं, शिवाय रेघांत आमच्याकडे पावसात बुरशी धरणार आणि ती टूथब्रशने कोण काढणार. तिसरी सँडब्लास्ट केलेली, ती चांगली वाटली, पण मुलीने तिच्यावर ओला हात ठेवला आणि तेवढाच पंजा पारदर्शक झाला. पावसाचा मारा येणाऱ्या दाराला अशी काच म्हणजे जून ते सप्टेंबर पडदा लावणंच आलं.

तिथेच सगळं अडलं होतं पंधरा दिवस. सुटलं ते आईंच्यामुळेच. एकदा भाजी निवडता निवडता त्या सहज म्हणाल्या, माझ्या माहेरी खिडकीला शिंपल्या होत्या, दुपारी झोपलो की उजेड दुधासारखा यायचा, पण बाहेरचा माणूस नाकासमोर उभा राहिला तरी आतलं दिसायचं नाही. गोव्यात जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेच्या जागी त्या चपट्या शिंपल्यांची तावदानं असायची, लाकडाच्या बारीक पट्ट्यांत एकावर एक सरकवलेली. पणजीत फोंताइन्यश बाजूला गेलात तर अजून बघायला मिळतात. मी लगेच काकांना फोन लावला की असलं काही काचेत मिळतं का, तर ते म्हणाले त्यात काय, मधली फिल्म पांढरी घ्यायची. दुधी रंग दोन काचांच्या आत, त्यामुळे ओली झाली, हात लागला, तेल लागलं, काही फरक पडत नाही.

तर डिझाईन शेवटी असं झालं. जुनं दार दोन झडपांचं साडेचार फूट रुंद होतं, चिऱ्याची भिंत फोडायची नव्हती म्हणून तेवढ्यातच तीन फुटांचं एक दार आणि बाजूला पंधरा इंचांची उभी फिक्स काच. दाराला साडेचार फुटांवर आडवी लाकडी पट्टी, तिच्याखाली दुधी, वर साधी. खुर्चीत बसलेला माणूस दुधीच्या मागे, आणि दारात कोण आलंय त्याचा चेहरा वरच्या काचेतून. ही उंची आम्ही टेप घेऊन ठरवली नाही, आईंना त्यांच्या खुर्चीत बसवून मी बाहेरून ओरडत होते, अजून वर, अजून वर, आता फक्त अंबाडा दिसतो, बस. दारातल्या काचेचंच वजन 25 किलोच्या आसपास झालं म्हणून मेस्तांनी तीनऐवजी चार बिजागऱ्या घातल्या.

आता माती कुठे खाल्ली ते. एप्रिलमध्ये काचेचं माप दिलं. टफन काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कडेला घासायला गेलात तरी फुटू शकते, हे मला काकांनी दोनदा सांगितलेलं. पण काम करणारा कंत्राटदार वेगळा होता, त्याला घाई, तो म्हणाला माप देऊन टाका, काच यायला दिवस लागतात, तोवर मी उंबरठा करतो. आणि मीही हो म्हंटलं. त्याने जुना उंबरठा काढून ग्रॅनाईट बसवला, खाली माल धरून उंबरठा 35 मिलिमीटर वर आला. मे महिन्याच्या शेवटी काच आली. दारात बसायच्या दोन्ही बरोबर, कारण दार मेस्तांनी नंतर मापाने केलेलं, पण बाजूची सात फुटी उभी पट्टी खाचेत काही केल्या उभी राहीना. चार माणसं ती काच धरून उभी, कंत्राटदार उंबरठ्याकडे बघतोय आणि मी कंत्राटदाराकडे. ग्रॅनाईट काढू म्हणाला तर तो पॉलिश करून बसलेला. नवीन काच मागवली, पैसे निम्मे त्याने दिले निम्मे आम्ही, आणि जून लागला. दोन महिने पुढच्या दाराला प्लायवूड आणि त्याच्यावर निळं प्लास्टिक, आलेला पाहुणा मागच्या दाराने स्वयंपाकघरातून. त्या काळात आई काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागत होतं.

एक गोष्ट मात्र त्या दोन महिन्यांनी शिकवली. प्लायवूडवर पाण्याचा डाग कुठपर्यंत चढतो ते रोज बघत होतो, आणि जोराच्या वाऱ्यात तो पार तीन फुटांवर जायचा. पूर्वी पावसाआधी पडवीला माडाच्या चुडतांची झापं लावायचे ते उगाच नाही. मग पडवीच्या कौलाला पुढे अडीच फूट पत्रा वाढवला, ग्रॅनाईटला बाहेरच्या बाजूला उतार काढून घेतला आणि दाराच्या खालच्या पट्टीवर बाहेरून लाकडाची एक तिरकी पट्टी मारली, दारावरून ओघळलेलं पाणी तिच्यावरून उडी मारून उंबरठ्याच्या पुढे पडतं. दिसायला काहीच नाही. पण काचेपेक्षा जास्त काम तीच पट्टी करते.

ऑगस्टमध्ये काच बसवायला मुलगा आला, त्याने सिलिकॉनची नळी कापली आणि हॉलभर व्हिनेगरचा वास. मी आत चहा करत होते, वास आल्याबरोबर धावत आले, कारण काकांनी बजावलं होतं की आंबट वास आला तर थांबवा. तो अ‍ॅसिटिक सिलिकॉन, लॅमिनेटेडच्या कडेला लागला की मधली फिल्म हळूहळू कडेपासून सुटते, ढग आल्यासारखे पांढरे डाग पडतात. त्याच्याऐवजी न्यूट्रल क्युअर सिलिकॉन लागतो. मुलगा म्हणाला मॅडम आम्ही सगळीकडे हाच लावतो. बाथरूमच्या आरशाला लाव बाबा, म्हंटलं, आणि त्याला स्कूटरने पाठवून दुसऱ्या नळ्या आणवल्या. एवढ्याशा गोष्टीला अर्धा दिवस गेला पण ती एक वेळ मला स्वतःचं कौतुक वाटलं.

हँडलचं तसं नाही झालं. लांब स्टीलचं हँडल मला दिसायला आवडलं म्हणून घेतलं, 304 ग्रेडचं, आणि चवथ होऊन दिवाळी आली तोवर त्याच्यावर तांबूस ठिपके. समुद्राकाठी 316 घ्यावं, त्यात मोलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेला ते जास्त टिकतं. आता आठवड्याला गोड्या पाण्याने पुसते आणि ठिपके दिसले की नवऱ्याकडे बघत नाही.

उन्हाचं म्हणाल तर पश्चिमेचं ऊन चार वाजता यायचंच, वाढवलेल्या पत्र्याने अर्धं थांबतं, बाकी दुधी काचेवर पडून हॉलमध्ये असा पसरलेला उजेड येतो की ट्यूब सातपर्यंत लागत नाही. वरच्या साध्या काचेत सुरुवातीला एक दयाळ पक्षी रोज सकाळी स्वतःच्याच प्रतिबिंबाशी भांडायला यायचा, पट्टीवर बसून चोच आपटायचा. आईंनी तिथे बाहेरून आंब्याच्या पानांचं तोरण जरा खाली सोडून लावलं आणि तो गेला.

दार लागलं चवथीच्या चार दिवस आधी. आणि ती चुकलेली सात फुटी काच, मागच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेली, बघितली की पोटात दुखायचं. चवथीच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात गेले तर आईंनी आणि शेजारच्या काकींनी ती दोन स्टुलांवर आडवी टाकलेली, पुसून लख्ख केलेली, आणि त्या दुधी पांढऱ्या काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नेवऱ्या (करंज्या) मांडलेल्या, तळायच्या आधी. एकही चिकटत नव्हती. "हें बरें हाडलेंय गो," आई म्हणाल्या, "आता हें देवं नाका कोणाक."